यूएमएन की एलएमएन: तक्ता पाठ होता, पेशंट समजला नव्हता

हालचालीचा आदेश मेंदूतून मज्जारज्जूपर्यंत आणणारा वरचा न्यूरॉन (यूएमएन) आणि तिथून स्नायूपर्यंत नेणारा खालचा (एलएमएन): यांपैकी कुठला बिघडला हे ओळखायचा दोन रकान्यांचा तक्ता मला तोंडपाठ होता. एकीकडे टोन (स्नायूचा ताण) वाढलेला, रिफ्लेक्स जोरदार, प्लांटर (तळव्यावर रेघ ओढल्यावर अंगठ्याची हालचाल) वर. दुसरीकडे टोन कमी, रिफ्लेक्स गायब, स्नायू वाळलेले. मग वॉर्डात आदल्या दिवशी उंचावरून पडलेला एक पेशंट आला. दोन्ही पाय लुळे, गुडघ्याचा आणि घोट्याचा रिफ्लेक्स येईना. मी ठामपणे सांगितलं, 'एलएमएन.'

उत्तर चुकलं. मज्जारज्जूला अचानक मोठी इजा झाली की त्या जागेच्या खालचे रिफ्लेक्स काही काळ बंद पडतात. हा स्पायनल शॉक. पुढच्या दिवसांत, आठवड्यांत ते परततात, मग वाढतात, आणि त्याच लुळ्या पायांत ताठरपणा येतो. संवेदना कुठे थांबते हे मी पाहिलंच नव्हतं. ती बेंबीपाशी, म्हणजे टी१० ला (मज्जारज्जूच्या छातीकडच्या दहाव्या पातळीला) तुटत होती. अशी आडवी रेषा सापडली की मज्जारज्जूचाच विचार करायचा, पाय कितीही ढिले असोत.

तेव्हापासून मी तक्त्याऐवजी वाट आठवते. खालचा न्यूरॉन मज्जारज्जूच्या अँटिरियर हॉर्नमधून (पुढच्या भागातून) निघून थेट स्नायूपर्यंत जातो. तो तुटला तर रिफ्लेक्सला बाहेर पडायला रस्ताच उरत नाही आणि स्नायू काही आठवड्यांत वाळू लागतो. वरचा न्यूरॉन मेंदूच्या कॉर्टेक्समधून येतो, त्याचे बहुतेक तंतू मेडुलात (मेंदूच्या सर्वांत खालच्या भागात) बाजू बदलतात, आणि खालच्या यंत्रणेवर लगाम ठेवतात. तो गेला की रिफ्लेक्सची कमान शाबूत असते, पण तिला आवरणारं कोणी नसतं. बाकीची जवळजवळ सगळी चिन्हं यातून स्वतःच काढता येतात.

तपासताना हॅमर सर्वांत शेवटी उचला. आधी मांड्या, खांदे पूर्ण उघडे करून चांगल्या उजेडात निवांत पाहा. फॅसिक्युलेशन (त्वचेखाली स्नायूचं बारीक फडफडणं) बघायला खरंच थांबावं लागतं, दहा सेकंदांत ते दिसत नाही. निरोगी माणसाच्या पोटरीतही ते होऊ शकतं, म्हणून अशक्तपणा किंवा वाळणं सोबत आहे का ते शोधा. टोन पाहताना हातपाय आधी सावकाश, मग झटक्यात हलवा. स्पॅस्टिसिटी, म्हणजे यूएमएनमधला ताठरपणा, वेगाबरोबर वाढते, सावकाश हालचालीत ती निसटते. ताकदीचा नमुनाही बोलतो: यूएमएनमध्ये हाताचे एक्स्टेन्सर (सरळ करणारे स्नायू) आणि पायाचे फ्लेक्सर (दुमडणारे) जास्त कमजोर होतात, म्हणून हात दुमडलेला आणि पाय सरळ राहतो.

रिफ्लेक्स 'नाही' लिहिण्याआधी पेशंटला दोन्ही हातांची बोटं एकमेकांत अडकवून ओढायला सांगा आणि त्याच वेळी पुन्हा ठोका. प्लांटरसाठी तळव्याच्या बाहेरच्या कडेने टाचेकडून पुढे रेघ ओढा आणि अंगठ्याची पहिली हालचाल पाहा. बाबिन्स्कीने १८९६ मध्ये हे चिन्ह मांडलं. तान्ह्या बाळात मात्र अंगठा वर जाणं नैसर्गिक असतं.

चेहऱ्याचं थोडक्यात: कपाळाला दोन्ही बाजूंच्या कॉर्टेक्सकडून पुरवठा असतो, म्हणून यूएमएनमध्ये कपाळ वाचतं, बेल्स पाल्सीत (चेहऱ्याच्या नसेच्या, म्हणजे एलएमएन लकव्यात) अख्खी बाजू जाते.

मला सर्वांत आवडतो तो पेशंट, ज्याच्यात दोन्ही रकाने एकत्र सापडतात. मानेत सी५-सी६ ला (मानेतल्या पाचव्या-सहाव्या पातळीला) मज्जारज्जू दाबला गेला की त्या पातळीवर एलएमएन आणि त्याखाली यूएमएन. मनगटाच्या थोडं वर, रेडियसच्या बाजूला ठोकलं तर कोपर वाकत नाही, त्याऐवजी बोटं मिटतात. याला इन्व्हर्टेड सुपिनेटर म्हणतात. पहिल्यांदा ते दिसलं तेव्हा एमआरआय व्हायचा होता, तरी इजेची जागा मला बोटांवरूनच कळली होती.