गावात राहून डेटा प्रायव्हसीवर पीएचडी पण करायची अन् भांडायचं पण, तर कसं?

पहिले विषय बारीक करा. आपल्याकडची पोरं "ग्रामीण भागातील इंटरनेट गोपनीयता: एक समाजशास्त्रीय अभ्यास" असलं काहीतरी घेऊन येतात, गाईडलाही बरं वाटते, आरआरसीत (विषय मंजूर करणाऱ्या विद्यापीठाच्या समितीत) पास पण होते, अन् मग वर्ष जाते तरी नेमकं मोजायचं काय हेच कळत नाही. त्यापेक्षा आपल्या ग्रामपंचायतीचा व्हॉट्सअॅप ग्रुप उघडा. अतिवृष्टीची यादी, घरकुलाची यादी, केवायसी कोणाचं राहिलं त्याची यादी, पीडीएफवर पीडीएफ. आता रकाने पाहा. नाव, गट नंबर, क्षेत्र, रक्कम, इथपर्यंत ठीक, पण पुढं खाते क्रमांक, मोबाईल, अन् एखाद्या यादीत अख्खा बारा अंकी आधार. आधार कायद्याचं कलम 29(4) वाचा, नियमानं ठरवून दिलेली कामं सोडली तर आधार नंबर असा जाहीर लावता येत नाही. झाला की तुमचा प्रश्न तयार: एका तालुक्यातल्या याद्यांत कोणता रकाना किती वेळा उघडा राहते, तो कोणाच्या टेबलावर जोडल्या जाते, अन् काढून टाकला तर कोणाचं काम अडते. हा प्रश्न विद्यापीठात चालते अन् ग्रामसभेतही चालते, अन् दोन्हीकडं चालेल असाच प्रश्न घ्यायचा, नाहीतर प्रबंध एका गावाला अन् आंदोलन दुसऱ्या गावाला.

याद्या जमा करताना एक पथ्य पाळा, पीडीएफ स्वतःकडं साठवायचीच नाही. एक्सेलमध्ये फक्त तारीख, योजना, कोणत्या पातळीवरून आली, अन् आधार "पूर्ण / शेवटचे चार अंक / नाही", खाते "पूर्ण / अर्धं / नाही" एवढंच भरा. नंबर उतरवून घ्यायची काही गरज नसते. थोड्या याद्या दुसऱ्या कोणाकडून वेगळ्या भरून घ्या अन् जुळवून पाहा, व्हायवात (प्रबंधाच्या तोंडी परीक्षेत) हमखास विचारतात. तक्रारीला पुरावा म्हणून स्क्रीनशॉट लागलाच तर फोनच्या मार्कर पेननं काळं करू नका, ब्राइटनेस वाढवला की खालचा नंबर वाचता येते. चौकोन टाकून पूर्ण झाका, प्रिंट काढा अन् ती प्रिंट द्या.

मग सेतू केंद्रात जाऊन बसा. एक सकाळ नाही, वेगवेगळ्या दिवशी, कापूस वेचणीच्या दिवसात तर नक्कीच, कारण वेचून वेचून बोटाच्या रेषा घासलेल्या असतात. ऑपरेटर म्हणते "मावशी, बोट पदराले पुसा बरं", मावशी पुसते, पुन्हा लाल दिवा. मग ओटीपी. तो नंबर पोराचा, पोरगा चाकणला कंपनीत ड्युटीवर, त्यानं फोन उचलला तर उचलला. त्यानं आकडे सांगितले, ऑपरेटरनं टाकले, अन् मधात एक इंग्रजी पान आलं "आय अॅग्री"वालं, त्यावर टिक ऑपरेटरनंच मारली. मावशीनं पानही पाह्यलं नाही अन् पोरानंही नाही. हे सगळं घड्याळ लावून लिहा: पान किती सेकंद स्क्रीनवर होतं, कोणत्या भाषेत, टिक कोणी मारली, ओटीपी कोणाच्या फोनवर. ऑपरेटरला आधी सांगून बसा, अन् तो व्हिलन आहे असं समजून बसू नका, त्यालाही एका कामाचे ठरलेले पैसे भेटतात अन् बाहेर रांग असते.

आता कायदा, कारण इथंच आपली भाषणं घसरतात. 24 ऑगस्ट 2017 ला पुट्टस्वामी खटल्यात सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमतानं प्रायव्हसी हा मूलभूत हक्क म्हणून मान्य केला. 26 सप्टेंबर 2018 ला आधारचा निकाल लागला, चार विरुद्ध एक, अनुदानासाठी आधार राहिलं. त्यातलं न्यायमूर्ती चंद्रचूड यांचं विरोधी मत तर वाचाच, वगळले जाणाऱ्या माणसांचा मुद्दा त्यात आहे. नंतर 2023 चा डिजिटल पर्सनल डेटा प्रोटेक्शन कायदा, अन् त्याचे नियम आले नोव्हेंबर 2025 मध्ये. पण बरीचशी बंधनं नियमानंतर अठरा महिन्यांनी लागू होतात, म्हणून आत्ताच "कायदा मोडला" म्हणून ओरडायच्या आधी ते कलम चालू झालं का ते पाहा. दुसरं, संमती मोकळी अन् समजून दिलेली पाहिजे असं कलम 6 म्हणते, नोटीस राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या भाषांत, म्हणजे मराठीतही, द्यायचा पर्याय पाहिजे असंही हाच कायदा म्हणते, हे सगळं खरं. पण कलम 7 मध्ये सरकारला अनुदान अन् लाभ द्यायसाठी वेगळी वाट ठेवली आहे, तिथं दर वेळी नवीन संमती लागत नाही. म्हणजे सरकारी योजनेच्या केवायसीवर "संमती घेतली नाही" एवढंच म्हणून गेलात तर साहेब कलम 7 दाखवून चहा पाजून वाटेला लावेल. तिथं मुद्दा मांडायचा तो सुरक्षेचा, जरुरीपुरताच डेटा घ्यायचा, अन् यादी बाहेर कशी आली याचा. कर्जाचं खाजगी अॅप असेल तर मात्र संमतीचाच मुद्दा धरा.

माहितीचा अधिकार वापराच. दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट, महाराष्ट्राच्या नियमाप्रमाणं एक विषय अन् दीडशे शब्द, उत्तराला 30 दिवस, नाही आलं तर पुढच्या 30 दिवसांत पहिलं अपील. कशाला पाहिजे हे सांगायची गरज नाही, कलम 6(2). फक्त नावं मागू नका. नव्या डेटा कायद्यानं माहिती अधिकाराचं कलम 8(1)(जे) बदलून टाकलं, "वैयक्तिक माहिती" एवढं म्हटलं की नकार देता येते (जनहिताचं कलम 8(2) अजून आहे, पण त्यासाठी अपिलात भांडावं लागते). म्हणून तहसीलच्या पुरवठा विभागाला असं विचारा: मागच्या बारा महिन्यांत ई-पॉसवर (रेशन दुकानातल्या अंगठ्याच्या मशीनवर) अंगठा न जुळलेले व्यवहार महिन्यानुसार किती, अंगठ्याशिवाय धान्य द्यायचा आदेश कोणत्या तारखेचा, मशीनवाल्या कंपनीसोबतच्या कराराची प्रत. आकडे अन् कागद. यातून प्रबंधाचा तक्ता पण होते अन् निवेदनाचं पहिलं पान पण.

माहिती अधिकाराच्या या बदलावरून चळवळीत मोठा घोळ आहे अन् माझं मत स्पष्ट आहे. रोहयोच्या मस्टरवर (मजुरांच्या हजेरीपटावर) कोणाचं नाव, किती दिवस, किती मजुरी, हे गावात उघडंच राहिलं पाहिजे, त्याशिवाय मेलेल्या माणसाच्या नावानं उचललेली मजुरी सापडत नाही. झाकायचं ते आधार, खाते, मोबाईल. प्रायव्हसीच्या नावाखाली मस्टर बंद करायला निघालेल्या साहेबाच्या बाजूनं तुमचा प्रबंध उभा राहायला नको, म्हणून हा फरक पहिल्याच प्रकरणात लिहून टाका.

मुलाखती. सरपंचासोबत किंवा रेशन दुकानदारासोबत घरी जायचं नाही, त्याच्यासमोर कोण खरं बोलते? संमतीपत्र इंग्रजीत छापून अंगठा घेत असाल तर सेतूवाल्यात अन् तुमच्यात फरक काय राहिला? तोंडी सांगा, वऱ्हाडीत सांगा, धानोरा-भामरागडकडं असाल तर गोंडी किंवा माडिया येणारं माणूस सोबत घ्या, अन् "नको" म्हणायला वेळ द्या. नावाऐवजी कोड टाका, कोडची यादी वेगळ्या वहीत, वही घरी. विद्यापीठाची एथिक्स कमिटी नावालाच असेल तरी अर्ज करा, उद्या तक्रार झाली की तोच कागद कामी येते. अन् सगळ्यात धोक्याची जागा म्हणजे परिशिष्ट! गाईड लोकांना "मुलाखत दिलेल्यांची यादी" जोडायची सवय असते, नाव, गाव, वय, मोबाईल. प्रबंध शोधगंगेवर (प्रबंधांच्या ऑनलाइन भांडारावर) चढतो, जगात कोणालाही उघडतो. ती यादी जोडायची नाही, गाईडशी वाद झाला तरी चालेल.

निष्कर्ष पहिले गावाला. मेंढा-लेखात आधी अभ्यास गट बसतो अन् मग ग्रामसभेत सर्वसहमतीनं ठरते, ही पद्धत आपल्याच गडचिरोलीची आहे. डॉ. बंग दाम्पत्याचं 1989 चं लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकातलं काम पाहा, दोन गावांतल्या 650 बायका तपासल्या, 92 टक्क्यांना स्त्रीरोग निघाले, अन् त्या आकड्यांनी पुढं जगभर आरोग्य धोरणाची चर्चा बदलली. गाव लहान आहे म्हणून आकडा लहान होत नाही, पण मोजणी पक्की पाहिजे. म्हणून दोन वह्या ठेवा, एकीत दिसलं ते, दुसरीत आपली मागणी. अंगठा न जुळण्याचं प्रमाण तुम्हाला वाटलं त्याहून कमी निघालं तर तेही छापा. "मी या प्रश्नावर चळवळीत आहे" हे संशोधन पद्धतीच्या प्रकरणात सरळ लिहा, लपवलं की व्हायवाला तेच उकरतात.

मग वेळेचं गणित. डेटा नियमांचा मसुदा 3 जानेवारी 2025 ला आला अन् हरकतींना 18 फेब्रुवारी, नंतर वाढवून 5 मार्च. तेवढ्यात सर्व्हे होत नसते, म्हणून दोन पानी टिपण, एक तक्ता अन् तीन मागण्या कायम तयार ठेवा. डिसेंबरात नागपूरला हिवाळी अधिवेशन असते. मोर्चा टेकडी रोडवर अडवतील, त्याचं कौतुक दोन दिवस. त्यापेक्षा आपल्या आमदाराच्या पीएकडं बऱ्याच आधी लिहिलेला प्रश्न पोहोचवा, कारण प्रश्न लावायची मुदत अधिवेशनाच्या कितीतरी आधीच संपते. पेपरवाल्याला आकडे द्या, कोणत्याही मावशीचा फोटो देऊ नका. अन् अहवाल आधी छापला तर गाईडला सांगून ठेवा, नाहीतर प्रबंधाच्या प्लेजरिझम चेकमध्ये तुमचंच लिखाण तुमच्या नावानं चोरी म्हणून येईल.

ग्रामसभेत ठराव असा घ्या: "लाभार्थी यादी ग्रुपवर किंवा नोटीस बोर्डावर लावताना आधार, बँक खाते व मोबाईल हे रकाने काढून लावावेत, नाव, काम व रक्कम कायम ठेवावी." ग्रामपंचायत अधिकाऱ्याच्या (पूर्वीच्या ग्रामसेवकाच्या) सही-शिक्क्याची नक्कल त्याच आठवड्यात घ्या, बीडीओला पोच घेऊन द्या, अन् प्रबंधाला जोडताना ठरावाचं पान तेवढं जोडा, हजेरीच्या सह्या-अंगठ्यांचं पान नाही.