कुत्रं घरी ठेवून कामावर जाताय? या चुका टाळा

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात घरात कुत्रं पाळणारे आता पुष्कळ झालेत आणि त्यातले बहुतेक दिवसभर बाहेर असतात. कुणी उद्यमबागेत शिफ्टला, कुणी शहापूर-वडगावात मागावर, आणि सुगी आली की सगळं घरच शेतात. मी लोकांची कुत्री दिवसा सांभाळतो. माझ्याकडे येणारी तक्रार ठरलेली असते: "आम्हाला वेळ नसतो ओ, म्हणून ते असं करतंय." मला हे पटत नाही. मालक आठ-नऊ तास बाहेर असूनही मजेत राहणारी कुत्री मी रोज बघतो आणि दिवसभर माणसांनी भरलेल्या घरातली वेडीपिशी झालेलीही बघतो. फरक पडतो तो घर सोडण्याआधीच्या अर्ध्या-पाऊण तासानं. तिथं घाई केली की पुढचे सगळे उपाय लंगडे.

साखळीनं बांधून जाणं

सगळ्यात जास्त दिसणारी चूक हीच. कारणही सगळीकडे एकच: मोकळं सोडलं तर चपला फाडतं.

टिळकवाडीच्या बाजूला एका घरात मुधोळ जातीचं शिकारी कुत्रं होतं. नवरा-बायको दोघं नोकरीला. सकाळी जाताना कंपाउंडच्या भिंतीजवळच्या लोखंडी कड्याला त्याला बांधायचे आणि संध्याकाळी येऊन सोडायचे. भिंतीलगत उरलेल्या फरशा रचून ठेवल्या होत्या. एका दुपारी गल्लीतून मांजर पळालं. मुधोळ ते, फरशांवर चढलं आणि भिंतीपलीकडे उडी टाकली. साखळी तिथंच संपली आणि पाय जमिनीला टेकेनात. समोरच्या आज्जी कपडे वाळत घालत होत्या, त्यांनी आरडाओरडा केला. शेजारी गवंडीकाम चाललं होतं, तिथली दोन पोरं धावली. एकानं त्याला खालून उचलून धरलं, दुसऱ्यानं पट्टा कापला. मला फोन आला, मी पोचलो तेव्हा जीभ निळसर पडलेली आणि डोळे लालभडक. डॉक्टरांकडे नेलं, ते वाचलं. पण नंतर कितीतरी आठवडे गळ्याला कुणाला हात लावू देत नव्हतं.

मालक म्हणाले, "भिंत उंच करून घेतो." मला राग आला आणि मी तो बोलून दाखवला. भिंतीचा काय दोष?

बागलकोट जिल्ह्यातल्या मुधोळचं, घोरपडे संस्थानिकांनी जपलेलं हे कुत्रं. २००५ साली टपाल खात्यानं त्याचं तिकीटही काढलं. आपल्या भागाचं कुत्रं म्हणून लोक अभिमानानं पाळतात, ते मला मनापासून आवडतं. पण ते नजरेनं सावज हेरून धावणारं कुत्रं आहे. अंगावर चरबी नाही, कातडी पातळ, थंडी लगेच लागते. दिवसभर कड्याला अडकवायचं असेल तर मुधोळ आणूच नका. खरं म्हणजे कुठलंच आणू नका. बांधलेल्या कुत्र्याला भीती वाटली तर पळता येत नाही, मग ते चावतं. आणि मग तेच लोक सांगत फिरतात की जातच तापट.

माझी पद्धत साधी आहे: एक खोली. स्वयंपाकघर नको, तिथं सिलिंडर, औषधं, डबे असतात. पॅसेज किंवा मागची खोली चालते. चपला, वायरी, मुलांची खेळणी उचलायची, जुनं घोंगडं टाकायचं, पाण्याची दोन भांडी दोन कोपऱ्यांत ठेवायची, म्हणजे एक सांडलं तरी दुसरं राहतं. दार बंद करण्याऐवजी सुताराकडून कमरेएवढं फाटक करून घ्या. मुधोळासारखं उडी मारणारं कुत्रं असेल तर ते छातीएवढं उंच हवं.

खानापूर, जांबोटीकडच्या लोकांना एक वेगळं सांगतो. कामावरून यायला रात्र होणार असेल तर अंगणात कुत्रं बांधून जाऊ नका. बिबट्याला बांधलेलं कुत्रं म्हणजे वाढलेलं ताट. आणि शहरवाल्यांनीही निर्धास्त राहू नये. २०२२ च्या ऑगस्टमध्ये बेळगावच्या गोल्फ मैदानाच्या परिसरात बिबट्या फिरत होता आणि आसपासच्या शाळांना सुट्टी द्यावी लागली होती.

घरी आल्यावर रागावणं

संध्याकाळी दार उघडलं की गादीचा कापूस घरभर. मालक ओरडतो, एखादा चापट मारतो आणि मला सांगतो, "त्याला कळतं बघा, मी आलो की तोंडच लपवतंय."

त्याला तुमचा चेहरा कळतो. कान पाडणं, नजर चोरणं, अंग चोरून जमिनीला लागणं ही 'शांत हो, मला मारू नको' अशी विनवणी असते. अलेक्झांड्रा होरोविट्झ या संशोधिकेनं २००९ साली हे तपासून दाखवलं. मनाई केलेला खाऊ कुत्र्यानं खाल्ला असो वा नसो, मालक रागावला की ते तसंच अपराधी दिसतं. तीन तासांपूर्वी फाडलेली गादी आणि आत्ताची थप्पड यांची सांगड त्याच्या डोक्यात बसत नाही. त्याला एवढंच उमगतं की संध्याकाळी दार वाजलं की मार बसतो. मग दुपारपासूनच त्याची घालमेल सुरू होते आणि दुसऱ्या दिवशी गादीबरोबर दाराची चौकटही कुरतडलेली सापडते.

कापूस गोळा करा, गप्प बसा. आणि सकाळी काय राहिलं ते आठवा. बहुतेक वेळा त्याला फिरवायचं राहिलेलं असतं, किंवा पाच मिनिटं ओढत नेऊन आणलेलं असतं. फिरवणं म्हणजे अंतर कापणं, असं धरून चालू नका. वीस मिनिटं त्याला पाहिजे तिथं थांबू द्या, खांब, गवत, गटाराची कड हुंगू द्या. भरपूर हुंगलेलं कुत्रं घरी येऊन झोपतं. इतकं सोपं काम लोक मोबाईल बघत करतात आणि कुत्र्यानं मान खाली घातली की पट्ट्याला हिसका देतात.

जून-जुलैत आपल्याकडे झड लागली की फिरणं बंदच पडतं. तेव्हा भाकरीचे छोटे तुकडे करा, जुन्या गोणपाटाच्या घड्यांत लपवा आणि तुम्ही निघताना ते गोणपाट त्याच्यासमोर टाका. नाकानं शोधून शोधून ते दमतं. शंभर रुपयांच्या प्लॅस्टिकच्या खेळण्यापेक्षा हे मला बरं वाटतं. गोणपाटाचे दोरे मात्र बघत राहा. कुत्रं ते गिळायला लागलं तर गोणपाट बाजूला काढून जुना टॉवेल द्या.

रविवारी पिल्लू, सोमवारी ड्युटी

हे बघितलं की माझा जीव तुटतो. आईपासून आणि भावंडांपासून कालच तोडलेलं पिल्लू दुसऱ्याच दिवशी नऊ तास कोंडायचं आणि रडतं म्हणून शेजाऱ्यांची माफी मागत फिरायचं! पिल्लू ढोबळमानानं जितक्या महिन्यांचं, तितकेच तास लघवी धरू शकतं, फार तर एखादा जास्त. दोन महिन्यांच्या पिल्लानं संध्याकाळपर्यंत फरशी कोरडी ठेवावी ही अपेक्षाच चूक.

एकटं राहणं शिकवावं लागतं. आधी दाराआड अर्धा मिनिट, मग दोन, मग पाच. ते रडायच्या आत परत यायचं, येताना लाडाचा गोंधळ घालायचा नाही. अर्ध्या तासापर्यंत पोचायलाच काही आठवडे जातात. लोक मला विचारतात, लवकर होणारं काही आहे का? नाही. ज्यांना थांबायचं नाही त्यांनी मोठं, शांत स्वभावाचं कुत्रं दत्तक घ्यावं. गल्लीतली गावठी कुत्री फार समजूतदार निघतात.

पिल्लाच्या लसी पूर्ण होईपर्यंत त्याला रस्त्यावर सोडू नका, पार्वो वाईट रोग आहे. रेबीजची लस तीन महिन्यांचं झालं की, आणि पुढं दरवर्षी. ती चुकवायला कुठलीही सबब चालत नाही.

बाकीच्या चुका

सोबतीला दुसरं कुत्रं आणणं. पहिलं एकटं राहायला शिकलं नसेल तर आता दोघं मिळून ओरडतात.

कॅमेऱ्यातून ओरडणं. फोनवरून "ए गप्प!" म्हटलं की आवाज येतो आणि माणूस दिसत नाही, म्हणून ते आणखी बावरतं. कॅमेरा बघायला ठेवा, बोलायला नको.

"आमचं बेळगाव थंड, गरिबांचं महाबळेश्वर" असं म्हणत एप्रिलमध्ये पत्र्याच्या शेडखाली किंवा गच्चीवर ठेवणं. गणपत गल्लीत खरेदीला जाताना गाडीत कोंडणंही तसंच. बाहेर पंचवीस अंश असलं तरी बंद गाडी अर्ध्या तासात चाळिशीला पोचते. कुत्रं जोरजोरात धापा टाकत असेल, लाळ गळत असेल, अडखळत असेल तर सावलीत घ्या, अंगावर साधं पाणी ओता, वारा घाला आणि लगेच डॉक्टर गाठा.

अपराधीपणापोटी खायला घालणं. तांबड्या रश्श्यातला कांदा-लसूण, शिजवलेली हाडं, चॉकलेट, मनुका-बेदाणे, यातलं काहीही नको. कुंद्याचा, म्हणजे आपल्या बेळगावी मिठाईचा, तुकडाही नको. ताप वाटला म्हणून घरातली पॅरासिटामॉल देणं तर जिवावर बेततं.

गोचीड दिसली की मिरचीवर फवारायचं औषध कुत्र्याला लावणं. खेड्यात हे सर्रास चालतं आणि कुत्री मरतात. पावसाळ्यानंतर रोज संध्याकाळी पाच मिनिटं कानामागं, बोटांच्या बेचक्यांत हात फिरवा. खाणं सोडलं, हिरड्या पांढुरक्या पडल्या, नाकातून रक्त आलं तर थांबू नका, गोचीड ताप असू शकतो.

वैशाखात शिवजयंतीच्या चित्ररथ मिरवणुकीच्या रात्री, गणपती विसर्जनाला, दिवाळीत आपण सगळे बाहेर. कुत्रं ढोल-डॉल्बीला घाबरून पळतं आणि दोन गल्ल्या ओलांडल्या की घर सापडत नाही. त्या दिवशी दुपारीच फिरवून आणा, आतल्या खोलीत खिडक्या लावून ठेवा, पट्ट्यावर फोन नंबर लिहा. शक्य असेल तर घरातल्या एकानं थांबावं. मंडळाचं काम दुसरा कुणीतरी करील.

आणि शेजाऱ्यांना विचारायची लाज वाटणं. दुपारी एकदा कुणीतरी दार उघडून त्याला अंगणात नेलं तर नऊ तासांचे दोन तुकडे होतात. समोरच्या काकूंना, शाळेतून लवकर येणाऱ्या एखाद्या पोराला किल्ली द्या, महिन्याला ठरवून पैसे द्या. फुकट मागितलं तर चार दिवसांनी ते बंद पडतं. आधी आठवडाभर तुमच्यासमोर त्यांची ओळख होऊ द्या. दाराच्या आत एक कागद चिकटवा: तुमचे दोघांचे नंबर, डॉक्टरांचा नंबर, काय खायला द्यायचं नाही, आणि त्याला कुठं हात लावलेला चालत नाही ते.