लॅबमध्ये कूलिंग बाथ कसा बनवायचा, तेही नागपूरच्या उन्हाळ्यात

मे महिन्यात इकडे पारा ४५ च्या वर जातो, अशात रिॲक्शन शून्याखाली धरून ठेवायची तर कूलिंग बाथ, म्हणजे फ्लास्क बुडवायचं थंडगार मिश्रण, मन लावूनच बनवावा लागतो. बहुतेकांचं चुकतं ते एकाच ठिकाणी, नुसते बर्फाचे मोठे खडे ओततात, मधे हवा राहते आणि फ्लास्कला थंडावा पोचतच नाही.

म्हणून आधी बर्फ कापडी पिशवीत घालून कुटून घ्या, अगदी बारीक. शून्य डिग्री हवं असेल तर त्यात थोडं पाणी घाला, फ्लास्क सगळीकडून ओला झाला पाहिजे. बीकरऐवजी थर्माकोलचा डबा किंवा देवार (थर्मॉससारखं दुहेरी भिंतीचं भांडं) घ्या, नाहीतर तासाभरात नुसतं पाणी उरेल.

उणे २० च्या आसपास जायचं असेल तर ३०० ग्रॅम बर्फाला १०० ग्रॅम मीठ, थरावर थर देऊन नीट कालवा, पॉट आइस्क्रीमसारखंच. मिठामुळे बर्फ शून्याखालीच वितळतो आणि वितळताना उष्णता ओढून घेतो. अजून खाली, उणे ४० पर्यंत, कॅल्शियम क्लोराइड चालतं पण हेक्झाहायड्रेटच (पाणी धरून असलेले स्फटिक) घ्या, कारण निर्जल पावडर विरघळताना उलट गरम होते आणि सगळी मेहनत पाण्यात.

उणे ७८ साठी ड्राय आइस, म्हणजे गोठवलेला कार्बन डायऑक्साइड. गाडीतून आणताना काचा उघड्या ठेवा, एसी लावून बंद गाडीत कार्बन डायऑक्साइड साठतो, हे कृपा करून हलक्यात घेऊ नका. डब्याचं झाकणही सैलच हवं. जाड हातमोजे, गॉगल घालून फ्यूम हूडमध्ये (वाफा बाहेर ओढणाऱ्या कपाटात) देवार एक तृतीयांश आयसोप्रोपेनॉलने भरा, मग ड्राय आइसचा एक छोटा तुकडा टाका, जोरात फेस येईल, तो बसू द्या मग पुढचा तुकडा. घाई केली की सॉल्व्हंट बाहेर उतू जातं. तुकडे तळाशी टिकायला लागले की समजा झालं. ॲसिटोनही चालतं पण ते लवकर पेट घेतं, जवळ हॉटप्लेट वगैरे अजिबात नको.

पाऱ्याचा थर्मामीटर इथे बाद, पारा उणे ३९ लाच गोठतो, अल्कोहोलचा घ्या. आणि तापमान मोजणारा एक प्रोब फ्लास्कच्या आतही ठेवा, कारण रिएजंट (रिॲक्शनमध्ये घालायचं रसायन) भराभर टाकलं की बाथ उणे ७८ ला असतो आणि आतलं मिश्रण बरंच वर गेलेलं असतं, प्रॉडक्ट बिघडतं ते यामुळेच.

काम संपल्यावर उरलेला ड्राय आइस सिंकमध्ये टाकू नका, पाइप तडकतो. हूडमध्येच उडून जाऊ द्या, सॉल्व्हंट रूम टेंपरेचरला आल्यावर वेस्टच्या बाटलीत ओता.