गोड हवे, पण मिठाईसारखे नको: नागपूरच्या हवेसाठी हलका परफ्यूम निवडताना

परफ्यूमच्या दुकानात ‘मला गोड वास सोसत नाही’ असे सांगणाऱ्या बहुतेकांना मोगऱ्याचा गजरा आवडतो आणि पिकलेल्या पेरूचा वासही आवडतो. त्यांची तक्रार असते ती भाजलेली साखर, व्हॅनिला, कॅरॅमल आणि चॉकलेट यांच्या वासाच्या दाट थराविषयी, जो सकाळी अंगाला लागला की संध्याकाळपर्यंत हटत नाही. विक्रेत्याला नुसते ‘गोड नको’ म्हटले, तर तो लिंबाचा किंवा समुद्री वासाचा एखादा कोरडा परफ्यूम पुढे करतो आणि खरेदी तिथेच फसते. त्याऐवजी ‘फळांचा किंवा फुलांचा गोडवा हवा, व्हॅनिला-कॅरॅमल नको’ असे स्पष्ट सांगावे.

या जड गोडव्यामागे बहुधा दोन द्रव्ये असतात. पहिले एथिल माल्टोल, ज्याचा वास जत्रेतल्या ‘बुढ्ढी के बाल’सारखा येतो, आणि दुसरे व्हॅनिलिन, म्हणजे व्हॅनिलाला त्याचा वास देणारे द्रव्य. 1992 मध्ये आलेल्या थिएरी म्युग्लेरच्या ‘एंजल’मध्ये एथिल माल्टोल सढळ हाताने वापरून त्याला पॅचोलीच्या पानांच्या मातकट वासाची जोड दिली गेली, आणि खाद्यपदार्थांच्या वासाचे परफ्यूम त्यानंतर फोफावले. गंमत अशी की, एंजल घडवणाऱ्यांपैकी ऑलिव्हिए क्रेस्प यांनीच पुढे 2001 मध्ये डोल्चे अँड गबानासाठी ‘लाइट ब्लू’ तयार केला, ज्यात लिंबू, सफरचंद आणि सीडरचे लाकूड यांचा स्वच्छ, मोकळा वास आहे. त्यामुळे केवळ ब्रँडच्या किंवा परफ्यूम घडवणाऱ्याच्या नावावर भरवसा न ठेवता बाटलीत काय आहे ते पाहावे.

आता आपल्या हवेचा प्रश्न. संत्रे, लिंबू, बर्गमॉट (एक लिंबूवर्गीय फळ) यांसारखे वास लवकर उडून जाणारे असतात, तर व्हॅनिलिन अतिशय सावकाश उडते. वास घेऊन पाहण्याच्या कागदी पट्टीवर ते कित्येक दिवस टिकते. मे महिन्यात पारा 45 अंशांच्या घरात गेला की तापलेल्या त्वचेवरून वरचा हलका वास आणखी झपाट्याने निघून जातो. म्हणजे जो परफ्यूम संत्र्याने सुरू होऊन व्हॅनिलावर संपतो, तो सीताबर्डीच्या दुकानात कितीही ताजा वाटला, तरी घरी पोहोचेपर्यंत अंगावर मुख्यतः व्हॅनिलाच उरलेला असतो. पावसाळ्यातल्या दमट हवेत तर हाच वास अधिकच कोंदट वाटतो. डिसेंबरच्या थंडीत मात्र थोडी व्हॅनिला खपून जाते, त्यामुळे वर्षभरासाठी एकच बाटली घेण्याचा हट्ट धरू नये.

खोक्यावर किंवा ब्रँडच्या माहितीत वासांची यादी वरचे, मधले आणि तळाचे अशा क्रमाने दिलेली असते. ती शेवटाकडून वाचावी, कारण दिवसभर आपल्यासोबत राहतात ते तळाचे वास. तिथे प्रॅलीन (साखर आणि सुक्या मेव्याची मिठाई), टोंका बीन (व्हॅनिलासारख्या वासाचे बी), कॅरॅमल, चॉकलेट यांपैकी दोन-तीन नावे एकत्र दिसली, तर ती बाटली बाजूला ठेवावी. व्हाइट मस्क (कस्तुरीचा स्वच्छ, हलका कृत्रिम वास), सीडर, खस किंवा ग्रीन टी असेल, तर पट्टीवर वास घेऊन पाहायला हरकत नाही. वरच्या आणि मधल्या भागात पेअर, लिची, मँडरिन, पिओनी, फ्रीशिया किंवा मॅग्नोलिया असावेत. ही यादी म्हणजे तंतोतंत पाककृती नव्हे, हे मात्र ध्यानात ठेवावे. पिओनीसारख्या फुलाचे तेल निघत नाही, त्याचा वास प्रयोगशाळेतच रचला जातो. त्याने काही बिघडत नाही, पण ‘शंभर टक्के फुलांचा अर्क’ असे कोणी ठासून सांगितले, तर ते मनावर घेऊ नये.

कोणता गोडवा हलका, हे नाकाला शिकवण्यासाठी नागपूरकरांना फार दूर जावे लागत नाही. संत्र्याच्या सालीचा ताजा तुकडा नाकाजवळ धरून, बाहेरची बाजू वर ठेवून, दुमडावा. सालीतून तेलाचे बारीक तुषार उडतात आणि गोड, किंचित कडवट, थोडा हिरवट असा वास येतो. मग संत्रा बर्फीचा वास घ्यावा. फळ तेच, पण खवा आणि साखर आल्यावर वास कसा बसून जातो, ते लगेच कळते. परफ्यूमची पट्टी हुंगताना पहिल्या प्रकारचा कडवट-हिरवट धागा शोधावा, कारण गोडवा मोकळा ठेवण्याचे काम तोच करतो. कच्च्या आंब्याचा वास आवडत असेल, तर हर्मेसचा 2005 मधला, जाँ-क्लोद एलेना यांनी केलेला ‘अँ जार्दँ सूर ल निल’ एकदा तरी पाहावा. एलिझाबेथ आर्डेनचा ‘ग्रीन टी’ त्याहून साधा आहे आणि फार टिकत नाही, पण उकाड्यात मला तोच अधिक सुसह्य वाटतो.

दुकानात एका वेळी तीनपेक्षा अधिक वास घेऊ नयेत, त्यापुढे नाक थकते. पट्टीवर आवडलेला एकच वास मनगटावर लावावा, मनगटे एकमेकांवर चोळू नयेत आणि वातानुकूलित दालनातून बाहेर पडून तास-दोन तास उन्हापावसात आपली कामे करावीत. त्यानंतर जो वास उरेल, तो आवडला तरच पैसे मोजावेत. विक्रेते घाई करतात, सवलत आजच संपते असेही सांगतात. ऐकून घ्यावे आणि निघावे.

अत्तराचा पर्यायही चांगला आहे. पारंपरिक अत्तरात अल्कोहोल नसल्यामुळे त्याचा वास अंगाजवळच राहतो. खसाचे अत्तर स्वतः गोड नसले, तरी त्याचा बारीकसा फाया कानामागे ठेवून कपड्यांवर फुलांचा हलका परफ्यूम फवारला, तर गोडवा आटोक्यात राहतो. शिवाय घरोघरी कूलरच्या खसाचा वास असतोच, त्याच्याशी हे जुळते. व्हॅनिलाचे आणि ओल्या खसाचे मात्र अजिबात पटत नाही. मोगऱ्याचे अत्तर अगदी थोडे लावावे, अन्यथा तेही जड होते.

लावताना दोन फवारे पुरेत. कोरड्या उन्हाळ्यात त्वचेवर आधी बिनवासाचे मॉइश्चरायझर लावले, तर वास थोडा अधिक टिकतो. लिंबूवर्गीय तेले, विशेषतः बर्गमॉटचे शुद्ध तेल, उघड्या त्वचेवर लावून उन्हात जाऊ नये, कारण त्यातील घटकांमुळे त्वचा भाजून डाग पडू शकतात. बाटली गाडीच्या डिकीत किंवा खिडकीत ठेवली, तर उष्णतेने आणि उजेडाने सर्वांत आधी हलके वासच बिघडतात. ती खोक्यासह कपाटात ठेवावी आणि उन्हाळ्यापुरती शक्यतो लहानच घ्यावी.