लेजंडच्या एका ओळीतलं अर्धंच नाव तिरकं करायचं तर

जिवाणूंच्या वाढीचे आलेख मी मॅटप्लॉटलिब या पायथनच्या आलेख-लायब्ररीत काढते. प्रजातीचं नाव तिरकं आणि स्ट्रेनचं (प्रजातीतल्या विशिष्ट वाणाचं) नाव सरळ, हा जीवशास्त्रातला रिवाज. म्हणजे लेजंडच्या (कुठली रेघ कशाची ते सांगणाऱ्या चौकटीच्या) एकाच ओळीत 'ई. कोलाय' इटॅलिक आणि पुढचं 'के-१२' साधं.

सगळ्याच ओळी लहान-मोठ्या करायच्या असतील तर लेजंडला 'फॉन्टसाइझ' द्या, विषय संपला. ठळक किंवा तिरकं हवं असेल तर 'प्रॉप' लागतो. त्यात डिक्शनरी (नाव आणि किंमत अशा जोड्या) द्यायची: साइझ म्हणजे आकार, वेट म्हणजे जाडी, स्टाइल म्हणजे तिरकं की सरळ. इथे मी एकदा चांगला अर्धा तास घालवलाय. प्रॉपमध्ये वेट बोल्ड आणि बाहेर फॉन्टसाइझ ८ दिला होता. आठाचे सहा केले, सहाचे चार, अक्षरं हलायला तयार नाहीत. प्रॉप दिला की फॉन्टसाइझकडे लायब्ररी ढुंकूनही बघत नाही, वर एररही देत नाही! आकारसुद्धा प्रॉपच्या आतच लिहायचा. लेजंडच्या शीर्षकाला मात्र हा प्रॉप लागत नाही, त्याचा वेगळा 'टायटल_फॉन्टप्रॉपर्टीज' आहे.

एखादीच ओळ बदलायची तर लेजंड एका व्हेरिएबलमध्ये धरा आणि त्यावर 'गेट_टेक्स्ट्स' चालवा. ओळींची यादी हाती येते. मोजणी शून्यापासून, म्हणून तिसऱ्या ओळीसाठी २. तिच्यावर 'सेट_स्टाइल' किंवा 'सेट_कलर'. त्यानंतर त्याच आलेखावर पुन्हा लेजंड बोलावलात तर नवा कोरा लेजंड येतो आणि केलेलं सगळं पाण्यात.

आता आमचं अर्धं नाव. एका ओळीला एकच स्टाइल लागते, त्यामुळे वरचं काहीच कामाचं नाही. लेबलमध्येच मॅथटेक्स्ट (मॅटप्लॉटलिबची गणिती मजकूर लिहायची पद्धत) वापरायचं: डॉलर चिन्ह, बॅकस्लॅश, 'मॅथइट' (इंग्रजीत सलग लिहायचं), महिरपी कंसात नाव, कंस बंद, पुन्हा डॉलर. 'के-१२' दुसऱ्या डॉलरच्या बाहेर. डॉलरच्या आतली स्पेस गिळली जाते आणि 'ई.' अन् 'कोलाय' एकमेकांना चिकटतात. मधे बॅकस्लॅश देऊन मग स्पेस द्या. स्ट्रिंगच्या आधी 'आर' लावायला विसरू नका, म्हणजे पायथन बॅकस्लॅश जसाच्या तसा ठेवतं.

आलेखाचा फॉन्ट एरियल केलात तरी हे तिरकं नाव डेजाव्हू सॅन्स या मूळच्या फॉन्टमध्येच राहतं. मला ते फार खुपतं. आरसीपॅरॅम्समध्ये (मॅटप्लॉटलिबच्या सेटिंग्जमध्ये) मॅथटेक्स्टचा फॉन्टसेट 'कस्टम' करा आणि 'मॅथटेक्स्ट.इट'ला 'एरियल:इटॅलिक' द्या.