एक माणूस, एक लॉगिन: ग्रामीण दवाखान्यात कर्मचाऱ्यांची खाती कशी उघडावीत

ग्रामीण रुग्णालय असो की ट्रस्टचा दवाखाना, केसपेपर संगणकावर गेला की पहिली पळवाट निघते ती सामायिक लॉगिनची. वॉर्डातल्या सगळ्या सिस्टर्सना मिळून एक नाव, एक पासवर्ड, आणि तो पासवर्ड मॉनिटरच्या कडेला चिकटवलेल्या चिठ्ठीवर. काम पटापट होतं, हे खरं. पण रात्री अडीच वाजता इन्सुलिनचा डोस कुणी नोंदवला हे सकाळी राउंडला आलेल्या डॉक्टरांना विचारायचं असेल, तर नोंदीखाली नाव दिसतं ‘वॉर्ड नर्स’. अशा नोंदीबद्दल विचारायचं कुणाला? म्हणून पुढची प्रत्येक पायरी एकाच नियमावर उभी आहे: एका माणसाला एक खातं, आणि ते दुसऱ्या कुणाच्या हाती नाही. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या २०१६ च्या इलेक्ट्रॉनिक हेल्थ रेकॉर्ड मानकांनाही प्रत्येक वापरकर्त्याची वेगळी ओळख आणि कुणी काय उघडलं याची नोंद अपेक्षित आहे.

उदाहरणं ओपनएमआरएस आणि तिच्यावर उभारलेली बहमनी या पेशंटच्या नोंदी ठेवणाऱ्या मुक्त (ओपन सोर्स) प्रणालींमधली घेतली आहेत. लहान दवाखान्यांना त्या परवडतात, आणि बहमनीची सुरुवातच छत्तीसगडमधल्या गनियारीच्या ग्रामीण रुग्णालयात झाली. तुमच्याकडे दुसरी प्रणाली असेल तर बटणांची नावं बदलतील, क्रम बहुतेक हाच राहील.

आधी कागदावर यादी

संगणक उघडण्याआधी एक ताव घ्या आणि त्यावर प्रत्येकाचं काम लिहा, नुसतं पदनाम नको. कागदावर जो औषधनिर्माता असतो, तोच आठवडी बाजाराच्या दिवशी गर्दी वाढली की नोंदणीच्या खिडकीवर बसतो. लॅब टेक्निशियन सुटीवर गेला की सिस्टर रिपोर्ट चढवते. अशा वेळी त्यांच्यासाठी दुसरं खातं उघडू नका. त्याच खात्याला दुसरी भूमिका जोडा, म्हणजे नाव एकच राहतं आणि कामाची परवानगी वाढते.

भूमिका म्हणजे परवानग्यांचा गठ्ठा. नोंदणीवाल्याला नाव, वय, गाव, मोबाइल दिसावा आणि बदलता यावा, पण निदान दिसू नये. औषध खिडकीला चिठ्ठी दिसावी. लॅबला मागवलेल्या तपासण्या दिसाव्यात. आशाताईंकडून येणारी माहिती भरणाऱ्याला फक्त त्या कार्यक्रमाचा फॉर्म द्या. शंका आली तर कमी परवानगीपासून सुरुवात करा. जे कमी पडेल ते मागायला माणूस दुपारपर्यंत येतोच. जास्त दिलेलं परत करायला मात्र कुणी येत नाही.

आपल्याकडे याला एक वेगळं वजन आहे. गडचिरोली, चंद्रपूर, मेळघाट या पट्ट्यात सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची तपासणी मोठ्या प्रमाणावर होते. नोंदणीच्या खिडकीवर बसलेला मुलगा बहुधा त्याच पंचक्रोशीतला असतो. समोरच्या मुलीचा रिपोर्ट त्याला उघडता आला, तर ती वाहक असल्याची बातमी संध्याकाळपर्यंत गावात पोहोचू शकते, आणि ठरत आलेलं लग्न मोडू शकतं. सिकलसेलचा वाहक आजारी नसतो, पण हे प्रत्येक घरी जाऊन कोण समजावणार? एचआयव्हीच्या माहितीला तर २०१७ च्या कायद्याचंच संरक्षण आहे. शहरातल्या मोठ्या दवाखान्यात पेशंट अनोळखी असतो. इथे तो कुणाचा तरी आतेभाऊ, कुणाची तरी शेजारीण असते. म्हणून भूमिका ठरवायला अर्धा दिवस गेला तरी जाऊ द्या.

नावं कशी ठेवायची

‘नर्स१’, ‘नर्स२’ अशी नावं कधीही नकोत, माणूस बदलला की नाव तसंच पुढे वापरलं जातं. पहिलं नाव आणि आडनाव मिळून लॉगिन करा. मडावी, आत्राम, उईके, कोडापे या आडनावांची माणसं एकाच दवाखान्यात चार-पाच निघतात आणि पहिलं नावही जुळतं, तेव्हा शेवटी कर्मचारी क्रमांक जोडा. पूर्ण नाव मात्र वैद्यकीय किंवा परिचर्या परिषदेच्या नोंदणीत आहे तसंच लिहा. लग्नानंतर आडनाव बदललेल्या सिस्टरचं नोंदणीतलं नाव एक आणि हजेरीतलं दुसरं असतं, हा घोळ इथेच सोडवून घ्या.

खातं उघडताना

१. सर्वात आधी, प्रणालीसोबत आलेले तयार पासवर्ड बदला. डेमोचे पासवर्ड इंटरनेटवर सगळ्यांना वाचायला मिळतात.

२. प्रशासनाच्या पानावर ‘मॅनेज युजर्स’मध्ये जा. ती व्यक्ती प्रणालीत आधीपासून आहे का ते शोधा. सिस्टर कधी पेशंट म्हणूनही आलेली असू शकते, तेव्हा तिच्या त्याच नोंदीला खातं जोडा.

३. नाव, लॉगिन आणि तात्पुरता पासवर्ड भरा. पहिल्या लॉगिनला पासवर्ड बदलणं सक्तीचं करणारा पर्याय निवडा, म्हणजे खरा पासवर्ड तुम्हालाही कळत नाही.

४. यादीप्रमाणे भूमिका निवडा. ‘सिस्टिम डेव्हलपर’ ही भूमिका कुणालाही सहज देऊ नका, तिला सगळ्या परवानग्या असतात. डॉक्टर साहेबांनी मागितली तरी नको. पेशंट तपासायला ती लागत नाही.

५. त्या व्यक्तीची प्रोव्हायडर (सेवा देणारी व्यक्ती) म्हणूनही नोंद करा. ही पायरी सर्वाधिक वेळा राहून जाते. खातं बरोबर, पासवर्ड बरोबर, तरी बहमनी आत घेत नाही आणि तुम्ही प्रोव्हायडर म्हणून नोंदलेले नाही असं सांगते. मग फोन येतो, ‘भाऊ, पासवर्ड चालून नाही राह्यला.’ दोष पासवर्डचा नसतोच.

बहमनीच्या मूळ रचनेत लॅबसाठी ओपनईएलआयएस आणि बिलिंग-साठ्यासाठी ओडू वेगळे चालतात, आणि त्यांची खातीही वेगळी उघडावी लागतात. लॅबवाल्याचं कुठे-कुठे खातं आहे, हे यादीच्या कागदावर त्याच्या नावापुढे लिहून ठेवा. हा कागद पुढे लागणार आहे.

खातं झालं की त्या माणसाला शेजारी बसवा आणि त्याच्याच हाताने लॉगिन करायला लावा. सरावाच्या प्रणालीत एक खोटा पेशंट घेऊन त्याचं रोजचं काम एकदा पूर्ण करून घ्या. मग उलटी तपासणी करा: जे दिसायला नको, ते उघडून पाहायला सांगा. नोंदणीवाल्याला निदान दिसलं, तर भूमिका चुकली आहे.

पासवर्ड आणि सामायिक संगणक

अवघड चिन्हांचा पासवर्ड सक्तीचा केला की तो चिठ्ठीवर जातो. त्यापेक्षा एकमेकांशी संबंध नसलेले तीन-चार शब्द रोमन अक्षरांत जोडायला शिकवा, जसं पऱ्हाटी, कंदील, सायकल, चमचा. प्रणाली मोठं अक्षर आणि अंक मागत असेल तर तेही घाला. लेखातले शब्द मात्र वापरू नका. दर महिन्याला पासवर्ड बदलायला लावणं मला पटत नाही. लोक शेवटचा अंक तेवढा वाढवतात. पासवर्ड कुणाला कळल्याची शंका आली की तो त्याच तासाला बदला.

वॉर्डात एकच संगणक असतो, त्यामुळे पाळी बदलताना लॉगआउट हा हस्तांतरणाचाच भाग करा: औषधांच्या कपाटाची किल्ली दिली, लॉगआउट केलं, मग सही. काही मिनिटं काम थांबलं की स्क्रीन आपोआप बंद होईल अशी सोय ठेवा. ती वेळ वॉर्डात फार कमी ठेवली तर सिस्टर वैतागतात आणि पुन्हा सामायिक लॉगिनकडे वळतात. त्यांच्याशी बोलून वेळ ठरवा.

पावसाळ्यात रात्री सर्पदंशाचा पेशंट आला आणि लॉगिन अडलं, तर आधी उपचार आणि कागदावर नोंद, नंतर संगणक. हे प्रत्येकाला तोंडी सांगा आणि कोरे केसपेपर ड्युटी रूममध्ये ठेवा. तेवढ्यासाठी दुसऱ्याचा पासवर्ड मागायचा नाही. प्रशासकही दोघे असावेत, आणि मुख्य पासवर्ड सीलबंद पाकिटात प्रभारींच्या कुलूपबंद कपाटात असावा. पाकीट उघडलं की वहीत सही घ्या आणि पासवर्ड बदला.

माणूस गेला की

बंधपत्रित डॉक्टर मुदत संपली की जातात, कंत्राटी सिस्टर बदलतात, शिकाऊ मुली काही आठवड्यांसाठी येतात. मुदत आधीच माहीत असेल तर खातं उघडतानाच ती यादीत लिहा. शेवटच्या दिवशी कार्यमुक्तीच्या पत्रावर सही करण्यापूर्वी खातं बंद करा. बंद करा म्हणजे काढून टाका असं नाही. ओपनएमआरएसमध्ये ‘रिटायर’ हा पर्याय कारण लिहून वापरायचा असतो. त्याने लॉगिन थांबतं, पण त्या डॉक्टरांनी लिहिलेल्या औषधांखाली त्यांचं नाव कायम राहतं. मग यादीचा तो कागद काढा आणि लॅब व बिलिंगमधलीही खाती बंद झाली का ते पाहा.

महिन्यातून एकदा चालू खात्यांची यादी हजेरीपटाशी ताडून बघा. हजेरीपटावर नसलेलं नाव दिसलं तर ते त्याच दिवशी बंद करा. बरेच दिवस कुणी लॉगिनच केलं नसेल तर त्या व्यक्तीला विचारा, बहुधा ती दुसऱ्याच्या खात्यावर काम करत असते.