डिस्प्ले येत नाही म्हणून पीसी उघडताय? आधी या चुका टाळा

"डिस्प्ले येत नाहीये, मदरबोर्ड गेला वाटतं," असा फोन आला की माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो: मॉनिटरची केबल कुठे लावलीय? वेगळं ग्राफिक्स कार्ड असताना ती मदरबोर्डाच्या पोर्टला खोचून ठेवणारे इतके भेटलेत की आता हसूही येत नाही. कार्डाच्या पोर्टला लावा, बघा.

केबल बरोबर आहे, पंखे फिरतायत, तरी स्क्रीन काळीच? मग माझा पहिला संशय रॅमवर, त्यात पावसाळा आणि मुंबई-कोकणची दमट हवा असेल तर विचारूच नका. पीसी बंद करा, भिंतीतला प्लग काढा, पॉवर बटण दहाएक सेकंद दाबून धरा, कॅबिनेटच्या उघड्या लोखंडाला हात लावा. रॅम काढून नुसती परत बसवा; बऱ्याचदा तेवढ्यावर भागतं. नाहीच भागलं तर सोनेरी पट्ट्या मऊ पांढऱ्या खोडरबराने हलकेच पुसा आणि चुरा झटका. मुलामा जातो म्हणून काही जाणकार याला नाकं मुरडतात. अहो, रोज थोडंच घासायचंय? खाच जुळत नसेल तर मात्र दाबू नका. डीडीआर३ आणि डीडीआर४ या रॅमच्या वेगवेगळ्या पिढ्या, त्यांची खाच मुद्दामच वेगळ्या जागी असते. खाच जुळली, की दोन्ही टोकांना अंगठ्याने चांगलं दाबा, क्लिप 'टक्' करून लागेपर्यंत. नवखी मंडळी इथे नेमकं उलट करतात: जोर नको तिथे लावतात आणि हवा तिथे घाबरतात.

पण माझं डोकं खरं फिरतं ते एका दमात सगळं उचकटणाऱ्यांवर. आमच्या सोसायटीतल्या एका मुलाने दिवाळीत पीसी साफ केला, नंतर तो सुरू होईना. साहेबांनी मोबाईलवर व्हिडिओ लावला आणि रॅम, हार्ड डिस्कच्या केबल, बोर्डावरचा सेल, सगळं काढलं. वर "आता पेस्टही बदलून टाकू" म्हणून प्रोसेसरवरचा कूलर सरळ वर ओढला. (पेस्ट म्हणजे प्रोसेसर आणि कूलरच्या मधे लावतात ती, उष्णता कूलरकडे नेणारी.) बोर्ड एएमडी प्रोसेसरचा, एएम४ सॉकेटचा; सॉकेट म्हणजे बोर्डावरची प्रोसेसर बसवायची जागा. त्यात पिना प्रोसेसरच्या पोटाला असतात. पेस्ट वाळून घट्ट झालेली, त्यामुळे सॉकेटचं लॉक न उघडताच प्रोसेसर कूलरला चिकटून उपटून आला. रात्री तो दारात उभा, हातात कूलर, खाली लटकलेला प्रोसेसर आणि कोपऱ्यातल्या चार-पाच पिना आडव्या. पेन पेन्सिलीतलं शिसं काढून तिच्या पोकळ टोकाने एकेक पिन सरळ केली, तेव्हा कुठे तो सॉकेटात बसला. मूळ बिघाड काय होता? प्रोसेसरजवळचा आठ पिनांचा पॉवर कनेक्टर साफसफाईत ढिला झालेला, बस्स.

म्हणून एक गोष्ट काढा, परत लावा, चालू करून बघा, मग पुढची. झाकण उघडलं की आधी मोबाईलवर चार फोटो. कूलर काढायचाच असेल आणि पीसी चालू होत असेल, तर पंधरा मिनिटं चालवून पेस्ट गरम होऊ द्या. मग बंद करून, प्लग काढून, कूलर थोडा डावी-उजवीकडे फिरवत सोडवा. नवी पेस्ट वाटाण्याएवढी पुरे, थापायची नाही.

ब्लोअर मारताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवा. घरचा व्हॅक्यूम क्लीनर आत घालू नका, स्टॅटिकने, म्हणजे घर्षणाने साचणाऱ्या विजेने, पार्ट जाऊ शकतो.

तारीख-वेळ सारखी मागे जाते आणि वेबसाइट 'सुरक्षित नाही' म्हणून उघडत नाहीत? यासाठी विंडोज फॉरमॅट मारणारे महाभाग आहेत! बोर्डावरचा सीआर२०३२ सेल बदला, घड्याळाच्या दुकानातही मिळतो. अधिकची बाजू वर, मग वेळ लावा.

एसएमपीएस, म्हणजे पीसीला वीज पुरवणारा डबा, गेला असेल तर अख्खा बदला. त्याच्या आतले कपॅसिटर प्लग काढल्यावरही चार्ज धरून राहतात, त्यामुळे त्याच्या स्क्रूला स्क्रू ड्रायव्हर लावायचा नाही, "फक्त फ्यूज बघतो" म्हणूनसुद्धा नाही.